शिपायाच्या खिशातील चाकू



'हत्यार' हा मराठीत मोठा सोयीचा शब्द आहे. लढाईतली तलवार हे हत्यार, आणि सुताराचा रंधा, गवंड्याची थापी, फिटरचा पाना हीही हत्यारेच. खंडेनवमीला आपण दोन्हींना हळदकुंकू वाहतो. कारखान्यात त्या दिवशी यंत्राला झेंडूची माळ पडते आणि हत्यारांच्या पेटीपुढे नारळ फुटतो. मारण्याचे साधन आणि घडविण्याचे साधन यांना आपल्या भाषेने एकच नाव दिले, ते अडाणीपणाने नव्हे. ती वस्तू कोणत्या कामासाठी हातात धरली आहे, एवढाच दोहोंत फरक आहे, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते.

आजचा माझा विषय या दोन अर्थांच्या नेमका मध्ये उभा आहे. निरनिराळ्या देशांची लष्करे आपल्या शिपायांना एक घडीचा चाकू सरकारी खर्चाने देतात. त्या चाकूंत फरक का, कुणाला दोन पाती तर कुणाला सहा अवजारे का, एकाला टोक असते तर दुसऱ्याला नसते ते का, हे मला आपणांस समजावून सांगावयाचे आहे. कोणी म्हणेल, कामगार चळवळीतल्या माणसाला लष्कराच्या चाकूशी काय कर्तव्य? माझे उत्तर असे की, या चाकूइतकी स्पष्टपणे 'काम' या गोष्टीची साक्ष देणारी वस्तू मला दुसरी आढळली नाही. आयुष्यभर मी कामगारांच्या हातात काय आहे हेच बघत आलो. शिपाई हाही एक पगारी माणूसच, आणि त्याच्या हातात काय दिले आहे हे बघण्यासारखे आहे.

घडीचा चाकू म्हटला की आपल्यापैकी पुष्कळांना रामपुरी आठवेल. हिंदी चित्रपटांनी त्याला बदनाम करून सोडले आहे. लष्करी चाकू त्या जातीचा नव्हे. शत्रूसाठी शिपायाजवळ बंदूक आणि संगीन असतेच. हा चाकू त्याच्या दिवसभराच्या कामासाठी असतो: डबा फोडणे, दोर कापणे, पट्ट्याला भोक पाडणे, बंदुकीचा स्क्रू सोडविणे. युद्धाच्या काळातही शिपायाचा बराचसा वेळ लढण्यात न जाता अशा कामात जातो.

घडी म्हणजे काय

प्रथम घडीच्या चाकूची रचना पाहू, म्हणजे पुढले फरक ध्यानात येतील. पात्याच्या मुळाशी एक खिळा असतो आणि त्याभोवती पाते फिरते. मुठीच्या पाठीला एक पोलादी पट्टी बसविलेली असते. ती कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे काम करते. पात्याच्या मुळाला दोन-तीन बाजूंनी सपाट केलेले असते. पाते पूर्ण उघडले किंवा पूर्ण मिटले की ती कमान त्या सपाटीवर घट्ट बसते, आणि 'टक्' असा आवाज येतो. पाते उघडण्यासाठी त्याच्या अंगावर नख अडकेल अशी एक खाच ठेवलेली असते.

या साध्या रचनेत एक उणीव आहे. पात्याला कुलूप नाही, नुसता दाब आहे. कापताना जोर धारेवर पडतो, तोवर ठीक. पण टोकाने टोचावयास गेलो किंवा पात्याच्या पाठीवर जोर आला, की पाते उलट फिरते आणि बोटांवर मिटते. दुसरी अडचण अशी की, नखाने पाते ओढावयास एक हात आणि मूठ धरावयास दुसरा, असे दोन हात लागतात. या दोन उणिवा लक्षात ठेवाव्या. लष्करी चाकूच्या पुढच्या सगळ्या इतिहासात त्यांवरच तोडगे शोधले गेले.

चाकू हाती आला म्हणजे मी स्वतःशी चार प्रश्न विचारतो. हा कोणत्या कामासाठी? कोणत्या परिस्थितीतल्या हातासाठी? हात चुकला तर इजा कोणाला? आणि हा बनविला कोणी, काय मोबदल्यात? आता एकेक देश घेऊ.

स्वित्झर्लंड : बंदूक आणि डबा

१८८९ साली स्वित्झर्लंडच्या लष्कराने श्मिट-रुबिन नावाची नवी रायफल स्वीकारली. ती साफ करण्यासाठी तिचे भाग सुटे करावे लागत, आणि त्यासाठी स्क्रू-ड्रायव्हर लागे. त्याच सुमारास शिपायाच्या शिध्यात पत्र्याच्या डब्यातले अन्न येऊ लागले होते. या डब्याची गोष्ट गमतीची आहे. पत्र्याच्या डब्यात अन्न टिकविण्याचे पेटंट इंग्लंडात १८१० साली घेतले गेले. पण तो डबा उघडण्याचे खास अवजार निघावयास त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला. तोवर लोक छिन्नी-हातोड्याने डबे फोडीत आणि शिपाई संगिनीने फोडीत. वस्तू काढणाऱ्याने ती वापरणाऱ्याचा विचार किती उशिरा करावा, याचे हे चांगले उदाहरण आहे.

स्विस लष्कराने ठरविले की, एकाच घडीत चार अवजारे असावी: एक पाते, एक डबा उघडण्याचे अवजार, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि चामड्याला भोक पाडावयाची आरी. मूठ काळपट ओक लाकडाची. या चाकूला १८९० चा नमुना म्हणतात. यांतले एकही अवजार शोभेचे नाही. प्रत्येकामागे शिपायाच्या दिवसातले एकेक काम उभे आहे. पात्याने भाकरी कापावयाची, आरीने पट्टा वा खोगीर दुरुस्त करावयाचे, बाकीची दोन डब्यासाठी आणि रायफलीसाठी.

चाकू ठरला, पण बनविणार कोण? एवढी मोठी मागणी पुरी करील असा कारखाना त्या वेळी स्वित्झर्लंडात नव्हता. म्हणून पंधरा हजार चाकूंची पहिली मागणी जर्मनीतील झोलिंगेन गावच्या एका कंपनीकडे गेली आणि १८९१ मध्ये तो माल आला. श्वीझ परगण्यातील ईबाख येथे कार्ल एल्सनर नावाचा एक चाकू-कात्र्या बनविणारा होता. त्याने १८८४ साली आपला छोटा कारखाना काढला होता. त्या डोंगराळ भागातली माणसे गरिबीमुळे देशांतर करीत, त्यांना गावातच रोजगार मिळावा अशी त्याची धडपड होती. आपल्या शिपायाचा चाकू परदेशातून यावा हे त्याला रुचले नाही. त्याने देशातल्या कारागिरांचा संघ उभारला आणि लष्कराला चाकू पुरविण्यास सुरुवात केली. पण झोलिंगेनचे मोठे कारखाने तोच चाकू स्वस्तात देत. एल्सनरला तोटा आला, संघातले सोबती गळाले, तो कर्जात बुडाला.

त्याला वर काढले ते एका नव्या रचनेने. १८९७ साली त्याने अधिकाऱ्यांसाठी म्हणून एक हलका, सुबक चाकू नोंदविला. आधीची अवजारे कायम ठेवून त्याने एक छोटे पाते आणि बाटलीचे बूच काढण्याचा मळसूत्री आकडा त्यात घातला. युक्ती अशी की, मुठीच्या पाठीची तीच कमान त्याने दोन्ही अंगांनी राबविली. तिच्या एका अंगाला पाती आणि दुसऱ्या अंगाला आरी व मळसूत्र. दोन कमानींवर सहा अवजारे बसली, आणि चाकू जाडही झाला नाही. यंत्रविद्या जाणणाऱ्यास यातले कौतुक सांगावयास नको. नवा भाग न वाढविता जुन्या भागाकडून जास्त काम घेणे, याला खरी अक्कल लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जगभर प्रसिद्ध असलेला तांबडा 'स्विस आर्मी नाइफ' हा या अधिकारी-चाकूचा वंशज आहे, शिपायाच्या चाकूचा नव्हे. तो लष्कराने कधी कोणाला दिला नाही. अधिकारी तो पदरमोड करून विकत घेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी तो मोठ्या संख्येने खरेदी केला. त्याचे जर्मन नाव उच्चारता येईना म्हणून त्यांनी त्याला हे सोपे नाव दिले. सरकारी चाकूत मात्र बूच काढण्याचा आकडा नव्हता. अधिकाऱ्याच्या जेवणात दारूची बाटली धरलेली होती आणि शिपायाच्या जेवणात पत्र्याचा डबा, हा फरक चाकूतसुद्धा उतरला.

शिपायाचा चाकू पुढे सुधारत गेला. १९०८, १९५१ आणि १९६१ असे त्याचे नमुने झाले. १९६१ च्या नमुन्यात मुठीला लाकूड किंवा फायबर न लावता खरबरीत अॅल्युमिनियमचे पत्रे लावले. पहिल्या नमुन्याच्या मानाने वजन जवळजवळ निम्म्यावर आले. रोज मैलोगणती चालणाऱ्या माणसाच्या अंगावरचे वजन कमी करणे, ही फार मोठी सुधारणा आहे.

इंग्लंड : दोराचे राज्य

आता इंग्रजांचा चाकू पाहा. पहिल्या महायुद्धात शिपायांबरोबर गेलेला हा चाकू स्विस चाकूशेजारी ठेवला, तर दोन वेगळ्या जगांतले वाटतात. तो जाड आणि जड असून त्याला दोरीत ओवण्यासाठी एक कडी आहे. मुठीला काळी, चौकड्या पाडलेली शिंगाची फळी. त्यात तीन अवजारे: एक रुंद पाते, डबा उघडण्याचे अवजार, आणि पाठीला लोखंडाचा एक लांब टोकदार सुळा.

पात्याचा आकार पाहण्यासारखा आहे. धार अगदी सरळ आहे आणि पाठ पुढे येऊन त्या धारेवर उतरते. म्हणून टोचणारे टोकच राहत नाही. इंग्रजीत त्याला मेंढीच्या खुराचे नाव आहे. हे पाते मुळात खलाशांचे. डोलणाऱ्या जहाजावर दोर कापताना टोकदार पाते स्वतःच्या मांडीत किंवा शेजाऱ्याच्या हातात शिरावयाचे. सरळ धार फळीवरच्या दोरावर पूर्ण लांबीने टेकते आणि दाबली की दोर तुटतो. माझा तिसरा प्रश्न, हात चुकला तर इजा कोणाला, त्याचे उत्तर या बिनटोकाच्या पात्यात दिलेले आहे.

आणि तो सुळा? इंग्लंडातही पुष्कळ लोक सांगतात की, घोड्याच्या नालेत अडकलेला खडा काढण्यासाठी तो आहे. ऐकावयास ही गोष्ट छान वाटते, पण खरी नाही. तो सुळाही जहाजावरूनच आला. जाड दोराचे पेड उकलून त्यांत दुसरा दोर गुंफावयाचा, किंवा पाण्याने फुगून आवळलेली गाठ सोडवावयाची, तर बोटे चालत नाहीत. तेथे असा सुळा लागतो. आपल्या कोकणातल्या बंदरांवर दोराचे काम केलेल्या माणसाला हे क्षणात पटेल. त्या काळचे लष्करही दोरावरच चाले. तंबू, घोड्यांचे खुंट, तोफा ओढण्याचे दोर, पुलांच्या बांधण्या, सर्वत्र दोरच दोर. म्हणून स्विस शिपायाच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर आला तेव्हा इंग्रज शिपायाच्या हातात दोराचा सुळा आला.

पुढे मोटारी आल्या, घोडे गेले, दोराचे काम घटले. दुसऱ्या महायुद्धातले पुष्कळ इंग्रजी चाकू बिनसुळ्याचे निघाले आणि मुठीच्या टोकालाच चपटा स्क्रू-ड्रायव्हर आला. शिंगाच्या जागी काळे प्लॅस्टिक आले, आणि युद्धानंतर सगळा चाकूच गंज न धरणाऱ्या पोलादाचा झाला. पाते मात्र तेच, मेंढीच्या खुराचे.

अमेरिका : धातूची मूठ आणि पहिले कुलूप

अमेरिकनांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आपल्या आरमारी पायदळासाठी एक सर्वधातूचा चाकू काढला. पाते, आरी, डबा उघडण्याचे अवजार, आणि बाटलीचे झाकण उघडण्याच्या अवजाराच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर, अशी चार अवजारे. मांडणी स्विस चाकूच्या जवळची आहे, पण मूठ वेगळी. दमट हवेत लाकूड फुगते आणि हाड तडकते. खरबरीत पोलादी पत्र्याला यांतले काहीच होत नाही, आणि ओल्या हातातून तो निसटतही नाही. हाच चाकू त्यांनी पुढे कित्येक दशके चालविला.

त्याहून मला मनोरंजक वाटतो तो त्यांच्या तार-टेलिफोन दलाचा चाकू. त्याचे नाव टीएल-२९. त्यात दोनच अवजारे: तारेवरचे आवरण खरवडण्यास पाते आणि एक स्क्रू-ड्रायव्हर. यातले कुलूप पात्याला नसून स्क्रू-ड्रायव्हरला आहे. स्क्रू-ड्रायव्हर उघडला की मुठीच्या आतली पितळी पट्टी आडवी सरकते आणि त्याच्या मुळाशी अडून बसते. ती बाजूला केल्याशिवाय तो मिटत नाही. पात्याला सोडून स्क्रू-ड्रायव्हरला कुलूप का, हे कोणत्याही वायरमनला विचारा. पाते ओढून वापरतात, स्क्रू-ड्रायव्हर मात्र दाबून आणि पिळून वापरतात. दाबताना तो मिटला तर बोटे सापडतात. ज्याने ही रचना केली त्याने धारेची भीती न धरता कामातला धोका पाहिला.

एका हाताचा प्रश्न

आता दुसऱ्या उणिवेकडे वळू: चाकू उघडावयास दोन हात लागतात. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला ही मोठी अडचण नव्हे. पण विमानातून हवाई छत्रीने उडी टाकणाऱ्या शिपायाचे काय? छत्री झाडात अडकली, तो दोरांत गुरफटून लोंबकळत आहे, एका हाताने फांदी धरली आहे. त्याला उरलेल्या एका हाताने चाकू उघडून दोर कापावयाचे आहेत.

याला दोन देशांनी दोन उत्तरे दिली. जर्मनांनी पाते मुठीच्या आत सरळ सरकते ठेवले. खटका दाबून मूठ खाली झुकविली की पाते स्वतःच्या वजनाने बाहेर येते आणि खटका सोडला की अडकून बसते. दोराच्या गाठींसाठी त्यातही सुळा होता. अमेरिकनांनी घडीचेच पाते ठेवून त्याला जोरदार स्प्रिंग लावली. बटण दाबले की पाते फटकन उघडते. तो चाकू हाताशी राहावा म्हणून छत्रीधारी शिपायाच्या अंगरख्याला गळ्याजवळ एक छोटा खिसाही शिवलेला असे.

येथे 'हत्यार' शब्दाचे दोन अर्थ पुन्हा एकमेकांना भिडतात. जी रचना लोंबकळणाऱ्या शिपायाचा जीव वाचविते, तीच गल्लीतल्या गुंडाला आवडते. अमेरिकेने १९५८ साली कायदा करून बटणाच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापाराला बंदी केली. इंग्लंडने १९५९ साली बटणाचे आणि वजनाने उघडणारे, दोन्ही चाकू विकण्यास मनाई केली. पण अमेरिकन कायद्यात ठेविलेल्या सवलतींत या दोन आहेत: एक लष्कराला, आणि दुसरी ज्याला एकच हात आहे अशा माणसाला, तीन इंचांपर्यंतच्या पात्याची. कायदा करणाऱ्या कोणाला तरी त्या एका हाताच्या माणसाची आठवण झाली, हे वाचून मला बरे वाटले. जर्मनीने २००८ साली एका हाताने उघडणारे आणि कुलूप बसणारे चाकू सबळ कारणावाचून सार्वजनिक जागी बाळगण्यास बंदी केली. धंद्यासाठी लागत असेल तर चालते. कायदासुद्धा अखेर आपला पहिलाच प्रश्न विचारतो: कोणत्या कामासाठी?

२००८ चा चाकू

त्याच २००८ साली स्विस लष्कराने आपला १९६१ चा नमुना बदलला. पात्याला अंगठा घालण्यासारखे मोठे भोक आले, म्हणजे एका हाताने उघडता येते. उघडल्यावर कुलूप बसते. धारेला करवतीसारखे दाते आले, कारण आता कापावयाचे दोर आणि पट्टे कृत्रिम धाग्यांचे, आणि गुळगुळीत धार त्यांवरून घसरते. लाकूड कापण्याची करवत आली. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू-ड्रायव्हर आला, कारण जगातले स्क्रू बदलले. मूठ हिरवी आणि तिच्यावर न निसटणारे रबरी पट्टे. मघा सांगितलेल्या दोन्ही उणिवा या एका चाकूत भरून निघाल्या.

पण रचनेपेक्षा ती ठरली कशी, हे अधिक महत्त्वाचे आहे. सरकारने जाहीर निविदा काढली. देशातील आणि परदेशातील मिळून सात पुरवठादार पुढे आले. जुलै २००८ मध्ये त्यांचे नमुने प्रत्यक्ष सैनिकांच्या हातात देऊन कामाला लावले. प्रयोगशाळेत वेगळ्या चाचण्या झाल्या. मग गुण आणि किंमत यांचा मेळ घालून एल्सनरच्याच कंपनीला काम मिळाले: पिशव्यांसह पंच्याहत्तर हजार चाकू, १३ लाख ८० हजार फ्रँकना. म्हणजे एका चाकूला अठरा फ्रँकांहून थोडे अधिक.

सैनिकांच्या हातात देऊन पाहिले, हे वाक्य मी मुद्दाम पुन्हा उच्चारतो. आमच्या भागातल्या एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, प्रेसखात्यात हातमोजे वाटले गेले. सगळे एकाच मापाचे. त्या खात्यात निम्म्या बाया होत्या. त्यांच्या बोटांच्या पुढे मोज्याची टोके अर्धा इंच रिकामी लोंबत. पत्रा धरता येईना, आणि टोक यंत्रात सापडण्याची भीती वेगळीच. बायांनी मोजे काढून ठेवले. लगेच फळ्यावर नोटीस लागली की, कामगार सुरक्षिततेची साधने वापरीत नाहीत. मोजे तीन मापांत आणा, एवढ्या मागणीसाठी आम्हाला चार महिने भांडावे लागले. मोजे घेण्यापूर्वी त्या खात्यातल्या एका बाईच्या हातात एक जोडी घालून पाहिली असती, तर हे चार महिने वाचले असते. शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेले लष्कर जर शिपायाच्या हाताला विचारून चाकू ठरवू शकते, तर कारखाना कामगाराच्या हाताला विचारून मोजे का ठरवू शकत नाही, हा माझा साधा सवाल आहे.

धार कोणी लावली

राहिला चौथा प्रश्न. इंग्रजी चाकू प्रामुख्याने शेफील्ड शहरात होत. तेथल्या धार लावणाऱ्या कामगारांचा इतिहास काळा आहे. वालुकाश्माच्या फिरत्या चाकावर पोलाद कोरडे घासले की दगडाची आणि लोखंडाची बारीक धूळ उडे आणि फुप्फुसात साठे. एकोणिसाव्या शतकात तेथल्या डॉक्टरांनी नोंदविले आहे की, कोरडे घासणारे कामगार ऐन तारुण्यात खोकून मरत. आज त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो इतिहासजमा झालेला नाही. आपल्याकडे दगडखाणींत आणि खंबायतला अकीक घासणाऱ्यांत तो आजही माणसे मारतो.

त्याच शेफील्डमध्ये १८७१ साली हॅरी ब्रेअर्ली जन्मला. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो एका पोलाद कंपनीच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणारा पोऱ्या झाला. वाचून, विचारून, रात्री अभ्यास करून तो त्या शास्त्रात पारंगत झाला. १९१३ साली, बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत यासाठी प्रयोग करीत असता, क्रोमियम मिसळलेले न गंजणारे पोलाद त्याच्या हाती लागले. ते चाकूच्या पात्याला योग्य होईल हे त्याने ओळखले. ईबाखच्या कंपनीनेही १९२१ साली त्या पोलादाची खूण आपल्या नावाला जोडली. एल्सनरच्या आईच्या 'व्हिक्टोरिया' या नावापुढे न गंजणारे या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचे 'इनॉक्स' हे रूप लागून 'व्हिक्टोरिनॉक्स' झाले. माझे शिक्षणही रात्रशाळेत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून बाटल्या धुणाऱ्या त्या मुलाचे नाव सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

शेवटी दोन कारखान्यांची गोष्ट. अमेरिकन सर्वधातूचा चाकू दीर्घकाळ न्यूयॉर्क राज्यातील कॅमिलस गावच्या कारखान्यात होत असे. २००६ साली तेथे लांबलेला संप झाला आणि २००७ साली कारखाना बंद पडला. गावाचे नाव असलेला चाकू राहिला, गावातले काम गेले. ईबाखच्या कारखान्यावरही संकट आले होते. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर विमानप्रवासात चाकू जवळ बाळगण्यास बंदी झाली. विमानतळावरच्या दुकानांतली विक्री बसली आणि कंपनीचा धंदा मोठ्या प्रमाणात घसरला. तेव्हा त्या कंपनीने माणसे काढली नाहीत. कामाचे तास कमी केले, सुट्ट्या पुढे घेतल्या, काही कामगार शेजारच्या कारखान्यांना काही काळ उसने दिले, आणि पुढे परत घेतले. हे मी मालकांची आरती म्हणून सांगत नाही. मालकाच्या चांगुलपणावर टिकलेली नोकरी ही मालक बदलला की डळमळते, हे मला पुरते ठाऊक आहे. पण मंदी आली म्हणजे माणसे काढण्यावाचून मार्गच नसतो असे जेव्हा आम्हाला वाटाघाटीच्या टेबलावर सांगितले जाते, तेव्हा ईबाखचा दाखला खिशात असावा.

श्रोतेहो, कोणताही चाकू हाती आला तर ते चार प्रश्न त्याला विचारा. टोक आहे की नाही, कुलूप कशाला आहे, उघडावयास किती हात लागतात, मूठ कशाची आहे, एवढे पाहिले तरी तो कोणासाठी केला आणि करणाऱ्याने त्या माणसाचा किती विचार केला हे कळते. आणि हीच सवय चाकूपुरती न ठेवता घरातली विळी, शेतातला कोयता, सफाई कामगाराचा झाडू यांनाही लावून पाहा. वाकून झाडावे लागणारा आखूड झाडू अजून आपल्या रस्त्यांवर दिसतो. त्याचा दांडा लांब करावयास फार मोठा शोध लावावा लागत नाही, रोज झाडणाऱ्या माणसाला एकदा विचारावे लागते.